बायला ‘ये’ म्हणायचं होतं

त्या दिवसांत मला प्रार्थना करता येत नव्हती, हे आधीच सांगतो. बहरीनला मनामा शहरातल्या चर्चमध्ये, सुट्टीचा वार म्हणून शुक्रवारच्या मिस्साला जायचो, गुडघ्यांवर बसायचो, ओठही हलायचे. पण आत देवाशी भांडणच चाललेलं असायचं. माझी थोरली बहीण, जिला वसईच्या घरी आम्ही सगळे बाय म्हणत आलो, आफ्रिकेतल्या एका गावात अडकली होती. गावाभोवती बंदुका चालत होत्या, टेलिफोन बंद पडले होते. रेडिओच्या बातम्यांत त्या देशाचं नाव आलं की माझी बायको ग्रेसी हातातलं काम टाकून उभी राहायची.

बाय सिस्टर झाली तेव्हा मी शाळेत होतो. पुढे तिच्या संस्थेने तिला तिकडच्या एका कॅथलिक विद्यापीठात गणित शिकवायला पाठवलं. सुट्टीवर वसईला जाताना ती बहरीनला उतरायची, बुसैतीनच्या आमच्या घरी राहायची, आणि तिच्या तोंडी दुसरा विषय नसायचा. तिथल्या बिशपांनी आधी फक्त फादर होणाऱ्या तरुणांसाठी पत्र्याच्या छपराखाली वर्ग काढले होते. आपल्या मुलांना धर्मशास्त्र शिकायला युरोपात जावं लागू नये, एवढाच हेतू. मग त्यांच्यातल्याच एका म्हाताऱ्या फादरनी सभेत विचारलं, की गावोगावच्या शाळांना मास्तर नाहीत, दवाखान्यांत नर्सेस नाहीत, नुसते फादर घेऊन लोकांनी करायचं काय? त्या एका प्रश्नातून शिक्षकांचा विभाग निघाला, नर्सिंगचा निघाला, मुली आल्या, आणि हळूहळू मुसलमान घरांतल्या मुलीही येऊ लागल्या. “त्यांना ख्रिस्ती करायला नाही बसलो आम्ही,” बाय म्हणायची. “त्यांना आपल्या पायावर उभं करायला बसलोय. देवाचं काम तेच.” ऐकताना मला अभिमान वाटायचा. लढाई पेटल्यावर मात्र तेच शब्द आठवून संताप यायचा. दुसऱ्यांच्या मुलींना उभं करता करता आमची बहीण जायची वेळ आली होती.

मी मीना सलमान बंदरात जहाजांचे पंप दुरुस्त करणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये सुपरवायझर होतो. त्याच आठवड्यात दम्मामला चाललेलं एक मालवाहू जहाज पंप बिघडला म्हणून आमच्याकडे वळलं. त्याचा चीफ इंजिनिअर जुमा नावाचा उंच, शांत माणूस होता. आमच्या स्टोअरचे इब्राहिमभाई रत्नागिरीचे. त्यांना माझी सगळी हकिकत माहीत होती. ते माझ्या कानाशी येऊन म्हणाले, “अरे, ह्यो तिकडचाच हाय. त्याला इचार तरी.” मला धीर होईना. कोण कुठल्या बाजूचा, काय सांगावं? शेवटी इब्राहिमभाईंनीच त्याला बाजूला घेऊन मोडक्यातोडक्या इंग्रजीत सगळं सांगितलं.

गावाचं नाव ऐकून जुमा माझ्याकडे बघतच राहिला. “सिस्टरांचं विद्यापीठ?” त्याने विचारलं. “माझी बायको तिथेच शिकून शिक्षिका झाली. तिची आई अजून त्या गावात राहते.” तो किनाऱ्याकडचा मुसलमान होता. लग्नानंतर बायको तिथे शिकत असताना सिस्टरांनी तिला नमाजासाठी वेगळी खोली दिली होती, हेही त्याने आपणहून सांगितलं. त्याच्या कंपनीच्या तिकडच्या बंदरातल्या ऑफिसात वायरलेस होता, आणि त्या गावातल्या ट्रक डेपोतही. “उद्या दुपारी जहाजावर ये,” तो म्हणाला. “प्रयत्न करतो. इंशाल्ला.”

दुसऱ्या दिवशी दुपारी जायच्या आधीच त्याचा निरोप आला. बाय सापडली होती. विद्यापीठातच होती, सुखरूप होती. पुढच्या सकाळी लष्कराच्या पहाऱ्यात ट्रक निघणार होते, परदेशी लोकांना बाहेर काढायला, आणि तिच्यासाठी जागा धरून ठेवली होती. पण ती निघायला तयार नव्हती. ग्रेसीने दारातच माझा दंड धरला. “तिला ‘ये’ म्हणायचं. दुसरं काही बोलायचं नाही. फक्त ‘ये’.” मी मान हलवली. वाटभर टॅक्सीत तोच एक शब्द घोकत होतो.

इब्राहिमभाईही माझ्यासोबत आले होते; जहाजाच्या वायरलेसच्या खोलीत तिघांना उभं राहायला जागा नव्हती. जुमाने सॅटेलाइट फोनवरून बंदरातलं ऑफिस जोडलं. तिकडे कोणीतरी रिसिव्हर वायरलेसला लावून धरला होता, आणि गावातल्या ट्रक डेपोत बायला बोलावून आणलं होतं. खूप खरखर झाली आणि मग विहिरीच्या तळातून यावा तसा आवाज आला. “बाबू?”

जुमाने खुणावलं, वेळ नाही. “बाय, उद्या ट्रक आहे,” मी म्हणालो.

“माहीत आहे. मदर सुपिरियरनी निर्णय माझ्यावर सोडलाय.” ती थांबली. “आणि माझं मन ठरत नाही रे. भीती वाटते. आईबाबांनंतर घरात तूच आहेस. तू सांग. तू म्हणशील तसं करते.”

हे मला अपेक्षित नव्हतं. ती हट्ट धरील, मी ओरडेन, अशी मी तयारी केली होती. आता एका शब्दाने ती परत आली असती. मी तोंड उघडलं, आणि बाहेर पडलं ते भलतंच. “मुलींचं काय?”

“इथेच आहेत. त्यांच्या गावांचे रस्ते बंद आहेत. त्यांना कोणी ट्रक पाठवलेला नाही.”

खरखर वाढली. इब्राहिमभाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मी म्हणालो, “मग तू राहा.”

ते मी कसं बोललो, आजही सांगता येत नाही. आवाज माझाच होता. तिकडून “बरं” एवढंच ऐकू आलं, आणि लाइन तुटली. घरी ग्रेसीला सांगितलं तेव्हा ती माझ्यावर ओरडली नाही. खाली बसली आणि रडली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

पंप बसवून जहाज गेलं. पुढचे आठवडे कसे काढले ते आम्हालाच ठाऊक. मग एका गुरुवारी ग्रेसी तांदूळ निवडत असताना फोन वाजला, आणि पलीकडे बाय. लाइन सुरू झाल्या झाल्या तिने आधी आम्हालाच फोन लावला होता. ती हसत होती, मीठ संपल्याची तक्रार करत होती. मध्यंतरी बंदूकवाले विद्यापीठाच्या फाटकापर्यंत आले होते. तेव्हा गावातल्या बायका, कितीतरी मुलींच्या आया, येऊन फाटकासमोर बसल्या. त्यांत जुमाची सासूही होती. बाय आतल्या बाजूला मुलींसोबत होती. बंदूकवाले बराच वेळ घुटमळले आणि निघून गेले.

ट्रकही सुखरूप पोचले होते. म्हणजे ती निघाली असती तरी वाचलीच असती. हे मी मुद्दाम लिहितो, कारण माझं शहाणपण सिद्ध झालं असं मला सांगायचं नाही. जहाजाचा पंप नेमका तेव्हाच का बिघडला, याचाही उलगडा मी करत बसत नाही. एक परका माणूस आला, त्याने दार उघडलं, आणि मी आभार मानतो. दर शुक्रवारी मिस्सात जुमाचं आणि त्याच्या सासूचं नाव घेतो. देवाच्या हाती सोपवलं, असं आपण सहज बोलून जातो. मला एवढंच कळलं, की सोपवताना मन मागे खेचतं, आणि तरीही देव ते घेतो.