सकाळच्या फोटोतली चिलापी

मित्रहो, कृष्णाकाठी बसायला धड दगड नसावा, हा माझ्या बुडावर झालेला घोर अन्याय आहे. म्हणून आज उंब्रजला गळ टाकायला शिकताना मी एकमेव सपाट दगड बळकावला आणि पहिल्याच दिवशी भलीमोठी चिलापी काढली. फोटो तुम्ही पाहिलाच.

फोटो टाकला तोच शेजारचे रशीदचाचा आले. "आठ दिस हितं कणकेच्या गोळ्या टाकून मासं जमवलं हुतं रं. लेक येतीया आज."

मी मासा पुढे केला, तर हसले. "ऱ्हाऊ दे गड्या, तुजा पयला हाय."

घरी तो चिरवेना. तुमच्या अभिनंदनांचं काय करू, सांगा.

दुपारी चिलापी गुपचूप चाचींच्या हाती दिली. आता कणीक मळतोय, उद्या त्या दगडापाशी टाकायला.