साखळी सुटते ती जागा

"झटका बसता कामा नये," असं म्हणून ते तळहात तिरपा वर चढवायचे आणि शेवटी बोटं हळूच खाली वळवायचे, जणू झोपलेल्या मुलाच्या अंगावर पांघरूण घालतायत.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. पाठीला लॅपटॉपची बॅग, गळ्यात कंपनीचा पट्टा. यांच्या पट्ट्याला कार्ड नव्हतं, ते कंपनीने काढून घेतलं होतं. रिकामं टोक ते शर्टाच्या खिशात खोचायचे, म्हणजे घरून निघताना बायकोला दिसायला नको.

आयटीतून हाकललेल्यांसाठी आम्ही काही कार्यकर्ते कोथरूडमध्ये मदतीची एक खोली चालवतो. हाकललेले म्हणायचं नाही बरं का. कंपनीच्या भाषेत सगळे 'स्वेच्छेने' राजीनामा देतात. बंद खोलीत बसवायचं, फोन काढून घ्यायचा, कागद पुढे सरकवायचा. दार उघडेपर्यंत माणसाला स्वेच्छा झालेली असते. यांच्या टीममधल्या सगळ्यांना ती झाली. यांनी एकट्यांनी सही केली नाही, म्हणून आमची अख्खी तक्रार यांच्यावर उभी होती. सही केली तर थोडा पगार आणि अनुभवाचं पत्र. न केली तर काहीच नाही, आणि त्या पत्राशिवाय दुसरी कंपनी दारात उभं करत नाही.

सकाळी डबा घेऊन ते आमच्याकडे यायचे आणि आमच्या रडक्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर रोलर कोस्टर बांधायचे. रोलर कोस्टर आखायचं हे सॉफ्टवेअर त्यांच्याच टीमने परदेशी गिऱ्हाइकासाठी लिहिलं होतं. साखळी गाडीला चढावर ओढत नेते आणि माथ्यावर सोडते. त्या माथ्याचं काम टीममध्ये यांच्याकडे होतं. माथा मनासारखा जमायच्या आत यांना काढलं.

मी चिडायचे. "सर, जबाब लिहायचाय. सुनावणी जवळ आली. पगार बंद झालाय, मग हे कोणासाठी करताय?"

"मागच्या डब्यात बसलेल्यासाठी. अहो, पुढचा डबा माथा ओलांडून खाली ओढायला लागतो, तेव्हा मागचा अजून चढावरच असतो. रूळ तिथे एकदम वाकवलात की तो बिचारा सीटवरून उडालाच. रुळाचा बाक हळूहळू वाढवायचा, हळूहळू कमी करायचा."

मग माउसने एक ठिपका केसभर सरकवायचे, गाडी सोडायचे, मान हलवायचे, पुन्हा सरकवायचे.

कंपनीच्या गेटवर वाटायला मी लिहिलेलं पत्रक त्यांनी एकदाच वाचलं. "पहिल्याच ओळीत आदळलात की. वाचणारा तिथेच पडला."

"पडू दे. जागा तर होईल."

"जागा होऊन जाणार कुठे, बाई?"

घरी सांगितलंत का, असं विचारलं की पुन्हा तो तळहात. "सांगायचंय. एकदम नाही. आधी म्हटलं, प्रोजेक्ट संपत आलंय. मग म्हणेन, दुसरं मिळायला वेळ लागतोय. मग..." पगाराच्या तारखेला ते स्वतःचीच बचत पगार म्हणून घरच्या खात्यात भरत होते. ती संपत आलीय, हे त्यांनी चहात बिस्किट बुडवता बुडवता सांगितलं. बिस्किट तुटून चहात पडलं, तरी ते कप हातात धरून तसेच बसले.

"सर, तुम्ही सही केलीत तर सगळ्यांचंच संपलं."

"माहितीय हो. मी कुठे करतोय."

सुनावणीच्या दिवशी मी कामगार कचेरीच्या जिन्यात थांबले. ते आले नाहीत. फोन बंद. आत कंपनीच्या वकिलाने साहेबांपुढे एक कागद ठेवला, आदल्या दिवशीचा. राजीनामा, स्वेच्छेने. खाली यांची सुबक सही. साहेबांनी तक्रार निकालात काढली आणि पुढच्यांना आत बोलावलं.

माणसाला इतकं पिळायचं की तो स्वतःच्या हाताने स्वतःला पुसून टाकतो, आणि वर त्याला स्वेच्छा म्हणायचं. राग त्यांच्यावरही आला, खोटं कशाला सांगू. त्याच रागात मी त्यांच्या घरी फोन लावला.

बायकोने उचलला. "ते ऑफिसला गेलेत. कोण बोलतंय आपण?"

"ओळखीची आहे. सहज केला."

"फार काम आहे हो सध्या त्यांना. काल तर आले ते जेवले पण नाहीत, तसेच झोपले. संध्याकाळी करता का?"

"करते," म्हणाले. पत्रकात पहिल्या ओळीत आदळणारी मी, त्या बाईंना एक शब्द सांगू शकले नाही. संध्याकाळी फोनही केला नाही.

आमच्या खोलीवर ते पुन्हा आले नाहीत. मध्यंतरी आमच्यातल्या एकाने त्यांना सकाळी कात्रजच्या बसमध्ये चढताना पाहिलं. इस्त्रीचा शर्ट, हातात डबा.

कात्रजला दूध डेअरी आहे, प्राणिसंग्रहालय आहे. त्यांचं ऑफिस नाही.