रेडिओबाईंची तीन हाडं

जिभेला हाड नसतं म्हणतात. पण रेडिओबाईंची जीभ म्हणजे त्यांचे हात, आणि एकेका हातात सत्तावीस हाडं असतात. त्यातली उजव्या हाताची तीन एका शनिवारी दुपारी मोडली.

रेडिओ हे नाव लाँड्रीतल्या बायकांनी ठेवलेलं. बाई जन्मापासून बहिऱ्या, पण खुणांच्या भाषेत एकदा सुरू झाल्या की बंद करायचं बटण कुणाला सापडायचं नाही. चादरींची टोपली घेऊन जिना उतरताना त्यांचा पाय सटकला आणि सगळा भार हातावर आला. अनामिका, करंगळी आणि तळहातातलं करंगळीच्या मागचं हाड, तिन्ही गेली. चार आठवडे प्लास्टर.

नवरा सुतार, तोही बहिरा. मुलगी तेवढी ऐकणारी. नवऱ्याशी डाव्या हाताने बोलायचं म्हणजे तोंडात घास धरून बोलल्यासारखं होई. बाईंनी मीठ मागितलं, तर त्याने करवत आणून दिली. ती पाहून बाई हसल्या खऱ्या, पण मग स्वयंपाकघरात जाऊन एकट्याच रडल्या.

प्लास्टर निघालं तेव्हा वाटलं, सुटलो. कुठलं काय! हाडं जुळली होती, पण बोटं सुजून लाकडासारखी ताठ झाली होती. फिजिओथेरपिस्टने व्यायाम दाखवले. कोमट पाण्यात हात धरायचा, मग बोटं सरळ, मग आकड्यासारखी वाकवायची, मग मूठ. प्रत्येक दहा वेळा, दिवसातून चारदा. दुसऱ्याच दिवशी डोळ्यांत पाणी आलं आणि तिसऱ्या दिवशी बाईंनी चक्क टाळाटाळ सुरू केली.

पुढच्या खेपेला बाईंनी दुभाषी म्हणून मुलीला सोबत नेलं. थेरपिस्ट समोर बसून तेच पुन्हा करून दाखवू लागली. सरळ, आकडा, मूठ. सरळ, आकडा, मूठ. बाई एकदम खुदकन हसल्या आणि डाव्या हाताने मुलीला काहीतरी म्हणाल्या. मुलगी सांगायला लाजली, पण थेरपिस्टने हट्टच धरला.

"आई म्हणते, तुम्ही मघापासून नुसतं तततत पपपप करताय. याला काही अर्थच नाही."

थेरपिस्ट क्षणभर स्वतःच्या हाताकडे बघत राहिली. मग तिचा चेहरा उजळला. "मग काकूंना सांग, अर्थ लागेल असं बोला. याच हाताने. कळ आली तर थांबा, नुसता ताण बसला तर थांबू नका."

बाईंना एवढंच हवं होतं. घरी येताच त्यांनी नवऱ्याला खुर्चीत बसवलं आणि लाँड्रीतलं महिन्याभराचं शिळं वर्तमान उजव्या हाताने सांगायला घेतलं. निम्मे शब्द अडखळले. तो दर दोन वाक्यांनी हात वर करून थांबवी, कळलं नाही, परत सांग. त्या परत सांगत. कोमट पाणी, गप्पा, पुन्हा पाणी, पुन्हा गप्पा. थेरपिस्ट दर आठवड्याला कोनमापकाने बोटाचा वाक मोजी. चाळीस अंश, मग पंचावन्न, मग सत्तर! आकडा वाढला की बाई तो रस्त्यात भेटेल त्याला सांगत, समोरच्याला खुणा कळोत न कळोत.

करंगळी मात्र ढिम्म हलेना. त्यांच्या भाषेत बाकीची बोटं मिटून करंगळी एकटी उभी केली की 'वाईट'. डाव्या हाताने बोलणं त्यांनी आता सोडलं होतं, त्यामुळे कितीतरी दिवस बाईंना घरातलं काहीच वाईट म्हणता आलं नव्हतं. मुलगी चिडवायची, घरात इतकी शांतता कधी नव्हती.

एका रविवारी सकाळी नवऱ्याने नवं फडताळ भिंतीवर ठोकलं आणि मागे सरून कौतुकाने बघत उभा राहिला. फडताळ डावीकडे चांगलं बोटभर कललं होतं. बाईंचा उजवा हात आपसूक वर आला. तीन बोटं मिटली, आणि करंगळी थरथरत, कण्हत, पण उभी राहिली.

वाईट.

नवऱ्याने डोळे विस्फारले. मग तो धावत जाऊन मुलीला हाताला धरून ओढत घेऊन आला. "पुन्हा म्हण," त्याने खूण केली. बाईंनी पुन्हा म्हटलं. त्याने स्वतः केलेलं स्टूल पुढे ओढलं. वाईट. टेबल? वाईट. पलंग? महावाईट! स्वतःच्या कारागिरीची अशी धूळधाण होत असताना तो आनंदाने टाळ्या पिटत होता, आणि मुलगी एकाच वेळी हसत नि रडत होती.

महिन्याभराने बहिऱ्यांच्या मंडळाचा मेळावा शाळेच्या हॉलमध्ये भरला. बाईंनी जिन्यावरून पडल्याची गोष्ट सांगितली, पायरी पायरीने, टोपली आणि चादरींसकट. चाळीस जणांनी दोन्ही हात हवेत हलवून दाद दिली. मागच्या रांगेत थेरपिस्टही हात हलवत होती. अनामिका अजून जराशी वाकडीच राहते, म्हणून एक जुनी मैत्रीण म्हणाली, तुझ्या बोलण्याला हेल आलाय. कुठल्या गावचा गं?

"दवाखान्याच्या," बाई म्हणाल्या, आणि दुसरी गोष्ट सुरू केली.