डावीकडे ओढणारी गाडी

शहरातल्या द्वारका चौकाजवळ मोहिनीचं दुकान आहे, आणि त्या दुकानात मोहिनी कायम तणतणत असते. टीव्हीला जोडायचे जुने गेम कन्सोल हा तिचा धंदा. नुसती दुरुस्ती नाही. त्यावरचे गाड्यांच्या शर्यतीचे गेम ती उघडते, आतली गाडी बदलते, रस्ता बदलते, खेळायचं स्टेअरिंग ज्याच्या त्याच्या हाताप्रमाणे नव्याने बांधून देते. गिऱ्हाइकं लांबून येतात आणि बोलणी खाऊन जातात. अडकलेल्या बटणात कुणी खोबरेल सोडलेलं असतं, कुणी भाजीच्या सुरीने स्क्रू काढायला जाऊन त्याची पार वाट लावलेली असते. ‘तेल डोक्याला लावा, गरज तिथे आहे,’ असं सुनावल्याशिवाय ती वस्तू हातात घेत नाही. ‘आता हे सगळं फोनवर मिळतं की,’ म्हणणाऱ्याला तर ती सरळ दुकानाबाहेर काढते.

हा राग तिला बापाकडून आलाय. नानांनी उभा जन्म विंचूर-लासलगाव पट्ट्यात कांद्याचा टेम्पो चालवला. मार्केटच्या फाटकात ट्रॅक्टर आडवा लावणाऱ्याचा सगळं खानदान उद्धारल्याशिवाय त्यांचा दिवस जायचा नाही. गेल्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला. डावा हात लुळा पडला, आणि त्याहून वाईट म्हणजे डावीकडचं दिसेनासं झालं. डोळे धड होते, पण डावी बाजू म्हणून काही असते हेच डोकं विसरलं. ताटात डावीकडे वाढलेली चटणी-कोशिंबीर तशीच राहायची आणि नाना बायकोवर, बायडाबाईंवर, ओरडायचे की मला चटणी का वाढत नाही.

डॉक्टरांनी गाडी कायमची बंद केली. टेम्पो मोहिनीच्या धाकट्या भावाकडे, हर्षलकडे गेला. नानांनी भिंतीकडे तोंड केलं ते केलंच. व्यायाम करून घ्यायला येणाऱ्याला त्यांनी शिव्या देऊन पळवला. मोहिनीचं डोकं फिरलं. तिने एक जुना कन्सोल घरी आणला आणि कामाला लागली. परदेशी गेममधली गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने पळते, म्हणून अख्खा रस्ता उलटा करून घेतला. शर्यतीची लाल गाडी काढून तिथे गोण्या लादलेला टेम्पो बसवला. टेम्पोचंच एक जुनं स्टेअरिंग पेटीवर चढवलं आणि गियर, ब्रेक सगळं उजव्या हाताच्या बोटांशी आणून ठेवलं.

नानांनी एक चक्कर मारली आणि कौतुक राहिलं बाजूला, तिलाच झापलं. ‘ही भरलेली गाडी हाय का रिकामी? ब्रेक मारला की जागेवर थांबती. कांदे काय कापसाचे हायेत?’ मोहिनीने पाय आपटत गाडीचं वजन वाढवलं. पण नाना उठून बसले होते.

मात्र टेम्पो दर वळणाला डावीकडे जायचा आणि दगडावर आदळायचा. नानांचं तोंड पुन्हा भिंतीकडे वळायला लागलं. ते मोहिनीला बघवेना. तिने स्टेअरिंगच्या पेटीत गुपचूप एक छोटं सर्किट बसवलं. टेम्पो डावीकडे गेला की ते आतून त्याला हळूच उजवीकडे ओढायचं. कुणाला ती बोलली नाही. नाना जिंकायला लागले. दाढी करायला लागले, दोन घास जास्त जेवायला लागले. नातेवाईक बघायला यायचे, टाळ्या वाजवायचे, आणि सगळ्यांत मोठ्याने हर्षल वाजवायचा. मोहिनी कोपऱ्यात दात आवळून उभी राहायची. तिला त्या टाळ्यांचा राग यायचा, आणि त्याहून जास्त स्वतःचा.

खंडेनवमीच्या सकाळी टेम्पो धुऊन झाला, झेंडूची माळ चढली, चाकांखाली लिंबं ठेवली गेली. या घरात नारळ फोडेल त्यानेच गाडी लिंबांवरून न्यायची आणि पहिली फेरी मारायची, असा रिवाज. नाना पांढरी टोपी घालून अंगणात आले आणि हात पुढे करून म्हणाले, किल्ली. नारळ मी फोडणार, गाडी लासलगावापर्यंत मी नेणार. हर्षलने खिशात हात घातला. एका फेरीने काय होतंय ताई, रोज बघतेस ना, नाना एकदम फिट झालेत, असं म्हणाला.

मोहिनीने त्याच्या हातातून किल्ली हिसकावली. गल्लीत सायकली फिरवणारी पोरं होती, रांगोळी काढत बसलेल्या बायका होत्या, आणि ही सगळी डावीकडेच. आधी घरात गेमवर एक चक्कर मारा, मग किल्ली घ्या, असं तिने नानांना बजावलं. आत येऊन सगळ्यांसमोर तिने पेटी उघडली आणि एक वायर कापली.

नाना बसले. पहिल्याच वळणाला टेम्पो दगडावर गेला. दुसऱ्या खेपेला शेतात घुसला. तिसऱ्या खेपेला रस्त्याकडेच्या दुकानांत शिरला. नानांनी स्टेअरिंगवर मूठ आपटली. ‘बिघडवलंस तू हे.’

‘बिघडवलं नाही, नाना. आत्ता कुठे नीट झालंय,’ मोहिनी म्हणाली. ‘तुम्हाला डावी बाजू दिसत नाही. इतके दिवस मीच आतून गाडी उजवीकडे ओढत होते.’

सणाच्या दिवशी हे काय काढलंस म्हणून बायडाबाई डोळ्याला पदर लावून बसल्या. नाना मात्र लालबुंद झाले. टेम्पोचं नावही त्यांनी काढलं नाही. ‘मला पोराटोरांसारखं जिंकवलंस? आनि मी येड्यावानी सगळ्यांना सांगत सुटलो?’ मोहिनीही पेटली. तुम्ही भिंतीकडे तोंड करून मरायला निघाला होता, मी काय बघत बसायचं होतं, असं ती बापाच्या तोंडावर म्हणाली. मग हर्षलकडे वळली आणि त्यालाही सोडलं नाही. रोज समोर चटणी उरलेली दिसते आणि हा किल्ली काढून देतो.

नाना बाहेर गेले. उजव्या हाताने त्यांनी एका फटक्यात नारळ फोडला, हर्षलला मानेनेच गाडीत बस म्हणून सांगितलं, आणि लिंबं चिरडली जायच्या आत पाठ फिरवून घरात आले. पुन्हा स्टेअरिंगसमोर बसले.

मोहिनीने हळू आवाजात विचारलं, वायर जोडून देऊ का.

‘वायरला हात लावलास तर याद राख.’ नानांनी डावीकडच्या रिकाम्या स्टुलाकडे न बघताच मान झटकली. ‘तितं बस. गाडीत क्लीनर कशाला असतो? डावी बाजू सांगायला. तोंडानं सांगायची. चोरून स्टेरिंग ओढणारा क्लीनर मी दुसऱ्या दिवशी ठेवला नसता.’

ती बसली. अजून दोघंही रागातच होते. पडद्यावरचा रस्ता सरकायला लागला.

‘दगड आला,’ मोहिनी म्हणाली.

‘ऐकू येत नाय,’ नाना खेकसले.

ती ओरडली. नानांनी स्टेअरिंग उजवीकडे वळवलं.