दोनच नग

आमच्या पॅकर्स-मूव्हर्सच्या ऑफिसात किस्से कसे साठतात सांगू? लोकांचं सामान आम्ही अमरावतीहून कुठं कुठं पोचवतो, पण किस्से काही गाडीत चढत नाहीत. ते आमच्याकडेच राहतात! त्यातले निम्मे वानखडे काकांचे. काका सामान बांधतात, संतोष गाडी चालवतो आणि मी यादी लिहिते. कितवा नग, आत काय. बस, एवढेच आम्ही.

*

मला तेव्हा टायनी हाऊसचं वेड लागलं होतं. एवढंसं घर, भिंतीतून बाहेर येणारा पलंग, दोन प्लेटा, दोन कप. बस्स! एकदा जेवणाच्या सुट्टीत काकांना असा एक व्हिडिओ दाखवला. पूर्ण दहा मिनिटं बघितला त्यांनी. मग मोबाईल परत देत म्हणाले, "सगळं बरं हाये. कूलर कुठी लावते हे लोक?"

अमरावतीचा मे महिना काढलेल्या माणसाला आधी कूलरच दिसणार!

*

साईनगरात एका मावशींचं घर हलवायचं होतं. थोडंसंच सामान आहे म्हणाल्या. सगळेच म्हणतात! माळ्यावरून आइस्क्रीमचे रिकामे डबे निघाले, पोतंभर. मला हसूच आवरेना. काका मात्र एकेक डबा पेपरात गुंडाळत होते, काचेचा असल्यासारखा. मावशी खाली गेल्यावर मी म्हटलं, फेकून देऊ ना, कोणाला कळतंय.

"आपलं काम बांधाचं," काका म्हणाले. "ठेवाचं का फेकाचं, ते ज्याचं त्यानं पाहावं."

*

मग गेल्या हिवाळ्यात काकू गेल्या. काकांची बायको. तापाचं निमित्त, चार दिवसांत खेळ खल्लास.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला काकांनी काकूंच्या साड्या आमच्याच एका खोक्यात भरून आणल्या. 'काकूंच्या साड्या, १ नग' असं वर मीच लिहिलं होतं, सवयीनं. जेवणं झाल्यावर बहिणी, भावजया, शेजारणी, सगळ्यांना काकांनी स्वतःच्या हातानं एकेक दिली. मलापण मिळाली. तळाशी राहिलेली, शेवटची, पिवळी.

*

तीन खोल्यांचं भाड्याचं घर सोडून काका एका गच्चीवरच्या खोलीत गेले. दहा बाय दहा, वर छपराला टिना. एक खाट, एक शेगडी, एक खुर्ची. मी आणि संतोष बघायला गेलो, आणि मी आपली वेड्यासारखी खूश! काका, हे तर खरंखुरं टायनी हाऊस, जमतं ना एवढ्यात?

"जमते ना," काका म्हणाले. "जागा उरते, पोरी."

खुर्चीवर मीच होते, म्हणून संतोष कोपऱ्यातल्या खोक्यावर टेकायला गेला.

"त्याच्यावर नोको बसू," काका म्हणाले. त्याला खाटेवर बसवलं आणि स्वतः उंबऱ्यावर जाऊन बसले.

खोक्यावर अक्षर माझं होतं.

*

एप्रिलमध्ये टिना तापल्या. कूलर आणला, तरी काका दोनदा चक्कर येऊन पडले. अकोल्याची लेक ऐकेना. तिचं घरही लहानच, पण बाबांसाठी तिनं गॅलरी बंद करून खोली केली. फोन स्पीकरवर होता, आम्ही ऐकला. "बाबा, जागा नाई वो," रडतच होती ती. "दोनच नग आना."

"दोन म्हंजे लय झाले," काका म्हणाले.

परवा आम्ही न्यायला गेलो. खाट, शेगडी, खुर्ची, कूलर, सगळं घरमालकाच्या पोरीला देऊन झालं होतं. पहिला नग कपड्यांची बॅग. दुसरा ते खोकं. संतोष वाकला, दोन्ही हातांनी जोर लावून उचललं आणि तसाच थांबला. मग एक हात काढून घेतला. एका हातावर राहिलं ते.

आमच्याकडे नियम आहे, आत काय ते लिहिल्याशिवाय नग गाडीत चढत नाही. खोक्यावरचं जुनं तर आता खरं नव्हतं. मी पेन धरून उभी. काका, काय लिहू?

काकांनी खिशातून टेप काढला. खोक्याच्या तोंडावर आणखी एक पट्टी मारली, अंगठ्यानं दाबत दाबत शेवटपर्यंत नेली.

"रिकामं लिव," म्हणाले. "अन् वरतून लिव, सांभाळून उचला."