ओ पाव्हणं, बाटली पडली!

आता कुठल्या तोंडानं सांगू तुम्हाला? पण सांगतोच. न सांगून तरी काय, औंधच्या रस्त्यावर माझं नाव निघालं की लोक हातातला चहा बाजूला ठेवून हसतात.

मी एसटीत कंडक्टर. गाडीत कुणाची छत्री राहू दे, कुणाचा डबा, मी मागं पळत जाऊन ज्याचं त्याला देणार. खोडच आहे ती!

तर वडूजहून औंधकडं मोठी सायकल शर्यत जाणार होती. पगारी खेळाडू, परदेशातलेसुद्धा! बायकोनं दशम्या बांधल्या, निघालो सगळे. बघतो तर आमचे आबा, म्हणजे माझे वडील, त्यांची जुनी काळी सायकल ढकलत आलेले.

"आवं आबा, ही कशाला?"

"बघू दे की तिलाबी शर्यत."

याच सायकलीवर पुढं दांडीवर मी, मागं कॅरियरवर आई, असं आम्ही यमाईच्या जत्रेला जायचो. उतरलो की माझ्या पायांना मुंग्या. काय दिवस होते हो! जत्रेतल्या सायकल शर्यतीत आबा दरवर्षी उतरायचे आणि दरवर्षी दुसरे यायचे. गुलाल पहिल्याला. आबा घरी येऊन गुपचूप सायकल पुसत बसायचे. एकदा तरी हिला गुलाल लागावा, एवढीच त्यांची इच्छा होती. ती राहिलीच.

आणि इथली शर्यत? बायकोनं दशम्यांचं फडकं सोडलं, झुंईऽऽ झालं, तिनं मान वर केली, संपली शर्यत! मागं राहिलेला एकटा गोरा गडी तेवढा आला, आणि नेमकी माझ्यासमोर त्याची पाण्याची बाटली पडली.

झालं! माझ्यातला कंडक्टर जागा झाला.

"ओ पाव्हणं! बाटली पडली!"

पाव्हणा कुठला थांबतोय? मी बाटली शर्टात कोंबली, आबांच्या सायकलवर टांग मारली आणि सुटलो.

मागून बायको ओरडली, "आवं, टाकलीया त्यांनी ती!"

मला ऐकू आलं, "आवं, ताकद लावा की!" लावली मग!

पुढच्या गावात ही गर्दी. हलगी, हार, कर्णा. कर्ण्यावरचा बाबा मला बघून पेटलाच.

"बघा मंडळी, आपल्या मातीतला गडी! साधी सायकल, पायात चप्पल, पर मैदान सोडलं न्हाई!"

मी धापा टाकत म्हणालो, "आवं, मी त्यातला न्हाई! पाव्हण्याची... पाण्याची..."

"पाणी मागतोय रं! वता!"

अख्खी घागर डोक्यावर! त्यावर गुलाल. ओल्या अंगावर गुलाल म्हणजे काय होतं, तुम्हाला सांगायला नको. गळ्यात हार पडला, दोघांनी मला सायकलसकट उचललं. खरं सांगू? तोवर मलाही वाटायला लागलं होतं की आपण काहीतरी जिंकलोय.

तसाच लालभडक परत आलो. बायको पदर तोंडाला लावून हसत होती. माझ्या शर्टातून बाटली उपसत म्हणाली, "ही द्यायलाच गेला हुता न्हवं?"

आबा मात्र माझ्याकडं बघतच नव्हते. त्यांनी सवयीनं खांद्यावरचा टॉवेल काढला, सायकलपाशी गेले, हँडलवरच्या गुलालावर नुसता हात फिरवला आणि सायकल न पुसताच टॉवेल परत खांद्यावर टाकला. डोळे भरले होते म्हाताऱ्याचे. माझेही भरले.

मग मीही चेवात आलो. छाती काढून, गळ्यातला हार नीट करत म्हणालो, "आबा, शेवटी तुमच्या पोरानं आणला बघा गुलाल!"

आबांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"गुलाल माझ्या सायकलीचा हाय. तू सगळ्यांच्या मागनं पोचलास न्हवं? मग हार तेवढी तुझी!"