गणपतरावांच्या सोयाबीनमधली अमेरिका

आमच्या मॅमथ सरांनी अख्खी मानवजात आफ्रिकेतून उचलून सैबेरियामार्गे अमेरिकेत नेऊन पोचवली, पण त्यांना स्वतःला हदगावहून नांदेडला जाता येत नसे. त्यांना गाडी लागायची. लागायची म्हणजे अशी की एसटीनं स्टँडचं वळण घेतलं की सरांचा चेहरा हिरवा पडायचा, आणि गावाबाहेरचा पेट्रोल पंप दिसेपर्यंत शेजारचा प्रवासी जागा बदलून गेलेला असायचा. कंडक्टर मंडळी त्यांना ओळखून होती. सर चढताना दिसले की म्हणायची, "गुरुजी, खिडकीजवळ बसा, अन् खिडकी आधी उघडा."

या माणसाला मॅमथ हे नाव कुणी ठेवलं कोण जाणे. शर्ट खुंटीला टांगावा तसा त्यांच्या अंगाला टांगलेला असायचा, आणि जोराचा वारा सुटला की आम्हालाच त्यांची काळजी वाटायची. पण इतिहासाच्या तासाला त्या केसाळ प्राण्याचा विषय निघाला की सर फुगत. दोन्ही हात सोंडेसारखे पुढे करून वर्गात फिरत. त्यांच्या मते मानवी इतिहासात दोनच मोठ्या गोष्टी घडल्या: एक, हिमयुगात समुद्राचं पाणी बर्फात अडकलं आणि सैबेरिया ते अलास्का जमीन उघडी पडली. दोन, त्या जमिनीवरून माणसं पायी गेली. त्यानंतरचं सगळं, राजे, लढाया, तह, हे सरांच्या लेखी गावकीचं भांडण होतं. ते आम्हाला स्वतः वाचायला सांगत.

"ते लोक अमेरिकेला गेले नाहीत," सर बोट वर करून सांगत. "तिथं काय पाटी लावली होती? ते मॅमथच्या मागं गेले. अमेरिका मध्ये आली." हे वाक्य मी पुढं पुष्कळ ठिकाणी माझं म्हणून खपवलं आहे. एकदा एका आगाऊ पोरानं विचारलं की काही विद्वान म्हणतात हे लोक किनाऱ्याकिनाऱ्यानं होडीतून गेले, ते खरं का? सरांचा चेहरा एसटीत बसल्यासारखा झाला. "होडी? होडी तर एसटीपेक्षा वाईट! पायी गेले म्हणून पोचले. गाडीनं निघाले असते तर अर्धी मानवजात वाटेतच उतरली असती." पुरावा विचारला की ते म्हणत, "त्या काळाचा पुरावा थोडाच असतो. बाकीचं अनुमान. अनुमान करायला डोकं लागतं, प्रवास नाही लागत."

स्वतःचं आयुष्यही त्यांनी याच सिद्धांतावर बेतलं होतं. नांदेडला प्रशिक्षण निघालं की सरांना ताप येई. लांबच्या लग्नांना ते आशीर्वाद पाठवत. त्यांची सासुरवाडी गावाबाहेरच्या ओढ्यापलीकडे होती. सरांनी मुलगी पाहिली नाही, अंतर पाहिलं, असं गावात म्हणत, आणि बाईसाहेबही हे हसून सांगत.

हा धडा सर मैदानावर शिकवत. चुन्याच्या फक्कीनं जमिनीवर आशिया काढायचा, मधे उघडी पडलेली जमीन, आणि पलीकडे अमेरिका. आता आमचं मैदान केवढं? आशिया आधीच मोठा, त्यात सरांना सैबेरिया आवडायचा म्हणून ते तो ऐसपैस काढत. त्यामुळं अमेरिका दरवर्षी कुंपणाच्या पलीकडं, गणपतरावांच्या सोयाबीनमध्ये जायची. आणि धडा नेमका ऑगस्टात यायचा, सोयाबीन गुडघ्याला लागलेलं असताना. पुढच्या बाकावरची पोरं मॅमथ व्हायची, बाकीचे भाले घेतलेले शिकारी. सर मागून ओरडत, "अरे चप्पल काढून काय करून राहिला? बर्फ हाय तिथं, बर्फ!"

सर पोरींना मागं ठेवत नसत. "बायका-पोरं सोडून कुणी खंड बदलत नसतं. सगळा कबिला चालला पाहिजे," असं म्हणून त्यांनी आमच्या वर्षी मलाच सगळ्यांत पुढं काढलं. नव्या खंडाचा शोध लागल्याच्या थाटात मी कुंपणातून पलीकडं पाय ठेवला आणि गणपतरावांनी फेकलेलं ढेकूळ माझ्या खांद्यावर फुटलं. अमेरिकेत पोचलेली पहिली मानव रडत आशियात परतली. गणपतराव कुंपणाशी येऊन गरजले, "सर, हात जोडतो, ही अमेरिका उचला इथून! दुसरीकडं काढा कुठंबी!" सर शांतपणे म्हणाले, "गणपतराव, ती तिथंच हाय. मी काय करू?"

दहावीला मला चांगले मार्क पडले आणि खरी पंचाईत सुरू झाली. मला अकरावीला लातूरला जायचं होतं. आमच्याकडं डॉक्टर व्हायचं म्हटलं की पोरं लातूरची वाट धरतात. पोरं, म्हणजे मुलगे. माझे अब्बा पिंजारी. बाजाराच्या गल्लीत त्यांचं गाद्यांचं दुकान, आजोबांच्याही आधीपासूनचं. आमच्या घरातली कुठलीच मुलगी शिकायला गावाबाहेर राहिली नव्हती. माझ्या दोन्ही मोठ्या बहिणींची लग्नं त्याच वयात ठरली होती, आणि माझ्यासाठीही एक स्थळ घिरट्या घालत होतं. लातूर हुकलं की काय होणार, हे मला पक्कं माहीत होतं.

सर स्वतः दुकानात आले. कापसाच्या ढिगावर बसून त्यांनी अब्बांना हिमयुगापासून सगळं समजावलं. अब्बांनी चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सर, तुमचा लिहाज हाय. पण पोरगी हाय माझी. हॉस्टेल कसं हाय, कोण सांभाळून राहिलं, मला काय मालूम?" सर म्हणाले, फोनवर फोटो मागवू. अब्बा म्हणाले, "फोटोत काय, ताजमहाल बी दाखवतील. असं करा, तुम्ही सोता जाऊन बघून या. तुम्ही म्हणले चांगलं हाय, तर पाठवतो. जबान देतो."

अब्बा लबाड होते. सरांची आणि एसटीची दुश्मनी अख्ख्या बाजाराला ठाऊक होती. हदगावहून नांदेड, तिथून लोहा, अहमदपूर आणि मग लातूर. मानवजातीला सैबेरियाही इतका अवघड गेला नसेल. सरांचा चेहरा तिथं बसल्या बसल्याच हिरवा पडला. अब्बांनी प्रेमानं त्यांना आणखी एक चहा पाजला. मी पडद्यामागं उभी राहून रडले.

पण दुसऱ्या दिवशी पहाटे सर स्टँडवर दिसले. एका हातात लिंबू, दुसऱ्यात प्लास्टिकच्या पिशव्या. दिवेलागणीला परत आले ते थेट दुकानात. डोळे खोल गेलेले, ओठ सुकलेले. "बघून आलो," म्हणाले. "दारात मोठा कडुलिंब हाय, गार सावली. थंड पाण्याची टाकी हाय. अन् सांभाळायला पांढऱ्या केसांची बाई हाय, अशी कडक, की पोरं तिच्याकडं बघायला भितात." अब्बांनी जबान दिली होती. रात्री त्यांनी माझ्यासाठी नवी गादी भरायला घेतली, आणि भरता भरता अम्मीला सारखं म्हणत राहिले, "गया कैसा वो आदमी?"

अब्बा मला सोडायला आले. गादी एसटीच्या टपावरून आली, मग त्यांच्या खांद्यावरून. हॉस्टेलच्या दाराशी आम्ही थांबलो. कडुलिंब नव्हता. लिंब सोडा, तुळससुद्धा नव्हती. नुसती तीन मजली इमारत, समोर मोटारसायकली. पाण्याची टाकी नव्हती, माठ होता. आणि सांभाळणारी बाई माझ्याहून फार तर दहा वर्षांनी मोठी, हसतमुख, काळ्याभोर केसांची. अब्बांनी डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाले, "सर यहाँ आएच नै."

जबानीचा पायाच निघाला होता. अब्बा गादी खाली न ठेवता तसेच उभे. आत पोरी पुस्तकं घेऊन पाठ करत फिरत होत्या. एकीनं दुसरीला काहीतरी विचारलं, तिनं न बघता उत्तर दिलं. अब्बा ते बराच वेळ ऐकत राहिले. मग खांद्यावरची गादी त्यांनी व्हरांड्यात उतरवली आणि कुणाला तरी रागावल्यासारखं म्हणाले, "इत्ती बडी गादी अब वापस कौन ले जाता?"

दिवाळीच्या सुट्टीत घरी येताना आमची गाडी नांदेड सोडल्यावर अर्धापूरला थांबली. स्टँडवर एक मोठा कडुलिंब. त्याच्या सावलीत थंड पाण्याची टाकी. टाकीजवळ पांढऱ्या केसांची एक केळीवाली बसली होती, आणि पाणी सांडणाऱ्या पोरांना अशा शिव्या घालत होती की पोरं लांबून पाणी पीत होती. मी खिडकीतून बघतच राहिले. सर इथपर्यंत आले होते. इथं उतरले होते, आणि लातूरहून परतायची वेळ पटेल इतका वेळ या झाडाखाली बसून त्यांनी माझं हॉस्टेल बांधलं होतं.

दुसऱ्याच दिवशी मी त्यांच्या घरी गेले. भांडायचंच ठरवून गेले होते. "सर, लातूरला गेला होतात का कधी?" सर जराही ओशाळले नाहीत. "न्हाई. अर्धापूरला आतडी बाहेर आली. पण मला कुठं राहायचं होतं लातूरला? जायचं तुला होतं." मग खुर्चीत पुढं सरकून, डोळे चमकवत म्हणाले, "अन् अनुमान बघ कसं असतं! तुला सोडून आल्यावर तुझे अब्बा आले होते इथं. म्हणाले, सर, तुम्ही सांगितलं तसंच हाय सगळं. कडुलिंब तर लईच मोठा हाय म्हणाले!"

मी भांडण तिथंच गिळलं. माझ्या आयुष्यात मला इतकं रडू क्वचित आलं असेल, आणि ते मला हसण्यावारी न्यावं लागलं. सर शेवटपर्यंत त्या अनुमानावर फुशारून होते. नवीन मास्तरांना ते उदाहरण म्हणून सांगत.

मी डॉक्टर झाले, लातूरलाच राहिले. मागच्या वर्षी सर गेले, हदगावातच, स्वतःच्या खाटेवर. मी पोचले तेव्हा अंगणात माणसं बसली होती. जुन्या आठवणी निघाल्या, सरांच्या उलट्या निघाल्या, आणि अशा वेळीही हसू आवरेना. तेवढ्यात अब्बा म्हणाले, "हसू नका. माझ्या पोरीसाठी सर लातूरला जाऊन आले."

गणपतराव म्हणाले, "सर? अन् लातूरला? काय बी सांगता. शक्यच न्हाई."

सगळे अब्बांकडं पाहू लागले. अब्बा माझ्याकडं पाहू लागले.

"हाव," मी म्हणाले, "गेले होते. मी बघितलंय."